मल्लखांबाच्या सरावातील पठारावस्था आणि अभिप्रेरणेचे सातत्य : एक विवेचन

गोषवारा :

अवघड शारीरिक कौशल्य शिकू लागलेले अनेक विद्यार्थी काही आठवड्यांतच सराव सोडून देतात. त्यांच्यात चिकाटी नाही, असे त्याचे कारण सर्वसाधारणपणे दिले जाते. प्रस्तुत लेखात मल्लखांब या महाराष्ट्रात वाढलेल्या व्यायामप्रकाराच्या आधारे या समजाची तपासणी केली आहे. सरावाच्या वेळी दिसणारा आविष्कार आणि प्रत्यक्ष घडणारे अध्ययन या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे शिकणाऱ्याला आपली प्रगती दिसत नाही व त्याची अभिप्रेरणा ओसरते. म्हणून अभिप्रेरणा टिकविणे हा उपदेशाचा विषय नसून सरावाच्या रचनेचा विषय आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : मल्लखांब, कारक कौशल्य, पठारावस्था, अभिप्रेरणा, प्रत्याभरण.

प्रस्तावना :

जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाले की जिमखान्यात नाव नोंदविण्यासाठी विद्यार्थ्यांची गर्दी होते. गणपतीच्या सुमारास ती विरळ होऊ लागते आणि दिवाळीच्या सुटीनंतर मैदानावर बोटांवर मोजण्याइतकेच विद्यार्थी उरतात. शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांना हा अनुभव नवा नाही. संगीत, नृत्य किंवा चित्रकला शिकविणाऱ्यांनाही तो तितकाच परिचित असावा. अशा वेळी शिक्षक-कक्षात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘हल्लीच्या मुलांत चिकाटीच राहिलेली नाही.’

हे वाक्य निरुपद्रवी नाही. सराव सोडणारा विद्यार्थी तेच वाक्य स्वतःविषयीचा निर्णय म्हणून मनात घेऊन जातो. ‘आपल्या अंगात हे नाही’ असे एकदा ठरले की तो पुन्हा कोणत्याही अवघड गोष्टीच्या वाटेला सहसा जात नाही. त्यामुळे विद्यार्थी का सोडून जातो, हा प्रश्न केवळ क्रीडा विभागाच्या हजेरीपटापुरता मर्यादित राहत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्रीडा, योग यांसारख्या सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू लागले असल्याने तर या प्रश्नाचा विचार सर्वच शाखांच्या अध्यापकांनी करणे अगत्याचे झाले आहे.

मल्लखांब : स्वरूप व परंपरा :

बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आढळतो. मात्र आज आपण ज्याला मल्लखांब म्हणतो, त्याच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय परंपरेने दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. विसाव्या शतकात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, मुंबईतील दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर यांसारख्या संस्थांनी ही विद्या जोपासली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या चमूने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. १९८१ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा उज्जैन येथे झाली, तर फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कच्या मैदानावर भरली. महिला, दिव्यांग व ज्येष्ठ नागरिक यांच्यापर्यंत मल्लखांब पोहोचविणारे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

पुरलेला, टांगता व दोरीचा असे मल्लखांबाचे तीन प्रमुख प्रकार आहेत. पुरलेला खांब सागवान किंवा शिसवी लाकडाचा असून जमिनीच्या वर साधारणतः अडीच मीटर उंच असतो. तळाशी जाड व वर निमुळता होत जाणाऱ्या या खांबाचे अंग, मान व बोंड असे भाग केले जातात. त्याला एरंडेल तेल चोळले जाते. जिम्नॅस्टिक्समधील अनेक साधनांवर हाताचे तळवे महत्त्वाचे ठरतात. मल्लखांबावर मात्र मांड्या, पोटऱ्या, बगल, पोट, पाठ अशा सर्वांगाने पकड घ्यावी लागते. मल्लखांब अवघड का वाटतो, याचे उत्तर येथेच आहे.

अढी : अडचणीचे विश्लेषण :

मल्लखांब शिकणाऱ्याच्या वाटेतील पहिली मोठी पायरी म्हणजे साधी अढी. दोन्ही हातांनी खांब धरून शरीर खाली डोके वर पाय असे उलटवायचे, मांड्यांची कात्री खांबाला घालायची, हात सोडायचे आणि पुढे शरीर उचलून खांबावर यायचे. जाणकाराने केली तर ही क्रिया काही क्षणांत उरकते. नवशिक्याला मात्र ती जमायला कित्येक आठवडे लागतात. पुढील फिरकी, दसरंग, सुईदोरा, वेल, ताजवे इत्यादी गटांकडे जाण्याआधी अढी पक्की असावी लागते. त्यामुळे अढीपाशी अडलेला विद्यार्थी सर्वच बाबतींत अडल्यासारखा होतो.

या एका क्रियेत चार अडचणी एकवटलेल्या आहेत. पहिली, बळाची : स्वतःचे वजन उलटे उचलण्यास मनगट, दंड व पोट यांत पुरेशी ताकद लागते. दुसरी, त्वचेची : मांडीच्या व बगलेच्या आतील त्वचेला लाकडाच्या घर्षणाची सवय नसल्याने ती हुळहुळते. तिसरी, दिशाभानाची : उलटे झाल्यावर डावे-उजवे व वर-खाली यांचा गोंधळ उडतो. चौथी, भीतीची : हात सोडायची वेळ आली की शरीर आपोआप आखडते आणि आखडलेल्या शरीराची कात्री नीट बसत नाही.

या चारही अडचणींवर शरीर एकाच वेळी मात करीत असते. पण प्रत्येकीचा वेग वेगळा असतो. बळवाढीचेच उदाहरण घेऊ. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद ही प्रामुख्याने मज्जासंस्थेच्या जुळवणुकीमुळे असते व स्नायूंचा आकार त्यानंतर वाढू लागतो, असे मोरितानी व डीव्हराय यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. म्हणजे आरशात काही दिसण्यापूर्वीच शरीरात बदल सुरू झालेला असतो. त्वचा हळूहळू राठ होते, दिशाभान नकळत सुधारते. परंतु या चारही गोष्टी एका किमान पातळीवर पोहोचेपर्यंत अढी ‘जमली’ असे म्हणता येत नाही. चारांपैकी तीन गोष्टी साध्य झाल्या तरी बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ते शून्यच. विद्यार्थी सोडून जातो तो बहुधा याच टप्प्यावर.

पठारावस्थेची संकल्पना :

प्रगतीचा आलेख काही काळ सपाट राहतो, या घटनेचा प्रसिद्ध अभ्यास ब्रायन व हार्टर यांनी १८९७ व १८९९ साली केला. तारयंत्रावर काम करणाऱ्यांची संदेश पाठविण्याची गती सातत्याने वाढत जाते. संदेश ग्रहण करण्याची गती मात्र काही आठवडे एका पातळीवर थबकते व नंतर पुन्हा वाढते, असे त्यांना आढळले. अक्षरे ओळखण्याची सवय अंगवळणी पडल्यानंतर शब्द व पुढे वाक्ये एकत्रितपणे ओळखण्याची सवय घडते आणि या संक्रमणाच्या काळात पठार दिसते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. पुढे केलर यांनी १९५८ मध्ये असे पठार प्रत्येक अध्ययनात अपरिहार्य असल्याच्या समजावर टीका केली. ती लक्षात घेता पठारावस्था हा निसर्गनियम मानणे योग्य ठरणार नाही. तथापि मल्लखांबासारख्या अनेक घटकांच्या एकत्र येण्यावर अवलंबून असलेल्या कौशल्यात शिकणाऱ्याला तिचा अनुभव येतो, हे नाकारता येत नाही.

आविष्कार आणि अध्ययन :

सरावाच्या वेळी दिसणारे यश म्हणजे अध्ययन नव्हे, हा कारक कौशल्यांच्या संशोधनातील एक महत्त्वाचा निष्कर्ष आहे. शी व मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींचे तीन क्रम दोन गटांना शिकविले. एका गटाने प्रत्येक क्रमाचा सराव सलग केला, तर दुसऱ्याने तिन्हींचा मिसळून. सरावाच्या वेळी सलग सराव करणारा गट सरस ठरला; परंतु दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव करणाऱ्यांची धारणा अधिक चांगली असल्याचे आढळले. सायमन व ब्यॉर्क यांनी २००१ मध्ये याच्या पुढचा प्रश्न विचारला : शिकणाऱ्याला आपण किती शिकलो याचा अचूक अंदाज असतो काय? सलग सराव करणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीच्या आपल्या कामगिरीविषयी वास्तवापेक्षा बराच वरचा अंदाज बांधला होता, असे त्यांना दिसून आले.

मल्लखांबाच्या संदर्भात याचा अर्थ असा की, ज्या दिवशी सराव अडखळत झाला त्या दिवशी अध्ययन झालेच नाही असे नव्हे आणि ज्या दिवशी एकच उडी वीस वेळा सफाईने जमली त्या दिवशी ती कायमची आली असेही नव्हे. विद्यार्थी मात्र रोजच्या आविष्कारावरूनच स्वतःचे मूल्यमापन करतो. मापच चुकीचे असल्याने निष्कर्षही चुकतो. ‘मन लावून करत नाहीस’ असे सांगून हा निष्कर्ष दुरुस्त होत नाही. त्यासाठी मापच बदलावे लागते.

अभिप्रेरणेचे स्रोत :

डेसी व रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धान्तानुसार स्वायत्तता, सक्षमता व आपुलकीचे संबंध या तीन मानसिक गरजा भागल्या तर आंतरिक अभिप्रेरणा टिकून राहते. बांदुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाचे चार स्रोत सांगितले : स्वतः मिळविलेले यश, इतरांचे यश पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि स्वतःच्या शारीरिक-भावनिक अवस्थेचा लावलेला अर्थ. यांपैकी स्वतः मिळविलेले यश हा सर्वांत प्रभावी स्रोत होय. आपल्याकडे मात्र सर्वाधिक भर दिला जातो तो धीराच्या शब्दांवर, म्हणजे तुलनेने दुबळ्या स्रोतावर.

आपल्या व्यायामशाळांच्या जुन्या रिवाजांकडे या दृष्टीने पाहिले असता काही गोष्टी विशेष जाणवतात. तेथे वयाने व तयारीने निरनिराळी मुले एकाच खांबाभोवती रांगेत उभी असतात. नवशिक्याच्या पुढे असतो तो गेल्याच महिन्यात अढी शिकलेला मुलगा. राष्ट्रीय विजेत्याची चित्रफीत पाहून थक्क व्हायला होते. पण ‘हे मलाही जमेल’ हा विश्वास एकच पायरी पुढे असलेल्या सोबत्याकडूनच मिळतो. खांबाला व गुरूला नमस्कार करूनच खांबावर चढण्याचा रिवाज मन सरावाकडे वळवतो. आपली पाळी येईपर्यंतची प्रतीक्षा सक्तीची विश्रांती देते व निरीक्षणाची संधीही देते. या रिवाजांच्या मागे कोणताही लिखित सिद्धान्त नव्हता; अनुभवाने ते रुळत गेले.

बक्षिसे, प्रमाणपत्रे व वाढीव गुण :

लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग येथे विचारात घेण्यासारखा आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगण्यात आले. काही दिवसांनी मोकळ्या वेळात त्यांनी चित्रे काढण्यात घालविलेला वेळ इतर मुलांच्या तुलनेत सुमारे निम्मा भरला. ज्यांना प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळाले होते, त्यांच्या बाबतीत मात्र अशी घट दिसली नाही.

आपल्याकडे खेळाडूंसाठी वाढीव गुण व शासकीय सेवेतील आरक्षण अशा सवलती आहेत. ग्रामीण व अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांसाठी त्यांचे मोल मोठे आहे आणि त्या असू नयेत असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु पहिल्याच दिवशी ‘प्रमाणपत्र मिळेल, गुण मिळतील’ असे सांगून विद्यार्थ्यांना खांबाकडे आणले, तर प्रमाणपत्र हाती पडताच ते खांबापासून दूर गेल्यास नवल वाटू नये. सवलतीची माहिती द्यावी. मात्र ती सरावाचे कारण म्हणून देऊ नये.

सरावाची पुनर्रचना : काही सूचना :

वरील विवेचनाच्या आधारे पुढील उपाय सुचविता येतात.

१) घटकांची विभागणी : ‘अढी जमली किंवा नाही’ या एकाच कसोटीऐवजी तिचे टप्पे करावेत. खांब धरून गुडघे छातीपर्यंत आणणे. आधाराने पाय वर नेणे. कात्री घालून पाच सेकंद थांबणे. एक हात सोडणे. दोन्ही हात सोडणे. आधाराविना पूर्ण अढी. आणि शेवटी तीच क्रिया दुसऱ्या बाजूने. यामुळे एका मोठ्या अपयशाच्या जागी सात छोट्या यशांची शक्यता निर्माण होते.

२) नोंदवही : प्रत्येक विद्यार्थ्याने आज काय जमले हे लिहिण्याबरोबरच, आठवड्याच्या पहिल्या दिवशी कोणताही पूर्वसराव न करता काय जमले, याची वेगळी नोंद ठेवावी. ही दुसरी नोंद अध्ययनाच्या अधिक जवळ जाते. महिन्याभराच्या अशा चार नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की सपाट वाटणाऱ्या काळातही काही सरकले आहे किंवा नाही, हे पाहता येते. सरकले नसेल, तर सरावाची पद्धत बदलण्याची ती सूचना समजावी.

३) मिश्र सराव : क्रियेची प्राथमिक ओळख झाल्यावर एकच क्रिया सलग घोटण्याऐवजी दोन-तीन क्रिया आलटून पालटून कराव्यात. यामुळे त्या दिवशी चुका वाढतील, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे. चुकांचे कारण ठाऊक असले म्हणजे त्या मनाला लागत नाहीत.

४) मोजके प्रत्याभरण : विन्स्टीन व श्मिट यांनी १९९० मध्ये दाखविल्याप्रमाणे प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगण्यापेक्षा हळूहळू कमी करत नेलेले प्रत्याभरण धारणेला उपकारक ठरते. प्रशिक्षकाने प्रत्येक वेळी न बोलता ‘आता काय झाले असे तुला वाटते?’ असे विचारावे. स्वतःची चूक स्वतः ओळखता येणे ही देखील प्रगतीच होय.

५) निवडीला वाव : सरावाचा मुख्य भाग प्रशिक्षकाने ठरवावा, शेवटची दहा मिनिटे मात्र विद्यार्थ्याला आवडीच्या प्रकारासाठी द्यावीत. जमणाऱ्या क्रियेने दिवसाचा शेवट झाला की दुसऱ्या दिवशी येण्याची इच्छा टिकते.

६) भीतीचा आदर : गादी, आधार देणारा सोबती आणि कमी उंचीवरील सराव यांना कमीपणाचे लक्षण मानू नये. भित्रा म्हणून हिणविलेला विद्यार्थी धीट होत नाही. तो बहुधा येणे बंद करतो.

मर्यादा :

या उपायांच्या मर्यादाही स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा शारीरिक आहे. त्वचेचे हुळहुळणे व स्नायूंचा ठणका काही दिवसांत ओसरतो. मनगट, खांदा किंवा मानेच्या सांध्यातील तीव्र अथवा टिकून राहणारी वेदना हा मात्र थांबण्याचा इशारा असतो. दोन्हींना ‘सहन कर’ हे एकच उत्तर देणे धोक्याचे आहे. वेदनेमुळे थांबलेल्या विद्यार्थ्याची गणना चिकाटी नसलेल्यांत होता कामा नये.

दुसरी मर्यादा सरावाच्या सामर्थ्याची आहे. एरिक्सन व सहकाऱ्यांच्या १९९३ च्या व्हायोलिनवादकांवरील अभ्यासातून हेतुपूर्वक सरावाची संकल्पना पुढे आली. असा सराव श्रमाचा असतो, तो दिवसात मर्यादित काळच करता येतो व त्याला विश्रांतीची जोड लागते, हे त्या अभ्यासातील मुद्दे पुढे ‘दहा हजार तास’ या लोकप्रिय सूत्रात झाकले गेले. मॅकनमारा व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले असता क्रीडाक्षेत्रातील कामगिरीतील तफावतीपैकी सुमारे १८ टक्के तफावतच हेतुपूर्वक सरावाने स्पष्ट होते, असे आढळले. सराव आवश्यक आहे. तो सर्वांना एकाच ठिकाणी नेऊन पोहोचवीत नाही.

तिसरी मर्यादा सामाजिक आहे. पहाटेची पहिली एस.टी. पकडून येणारा, दुपारी दुकानात काम करणारा किंवा सकाळी उपाशीपोटी मैदानावर उभा राहणारा विद्यार्थी सराव सोडतो, तेव्हा त्याचे कारण मानसशास्त्रात शोधणे हा त्याच्यावर अन्याय आहे. अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचावे लागणाऱ्या विद्यार्थिनीसाठी सायंकाळच्या सरावाची वेळ तासभर अलीकडे आणणे हे कोणत्याही प्रेरणादायी व्याख्यानापेक्षा अधिक परिणामकारक ठरेल.

निष्कर्ष :

अभिप्रेरणा हे विद्यार्थ्याने घरून भरून आणावयाचे इंधन नव्हे. आपण पुढे सरकत आहोत याचा विश्वासार्ह पुरावा मिळत राहिला, तर ती सरावातूनच निर्माण होते व सरावातूनच टिकते. मल्लखांबासारख्या कौशल्यात हा पुरावा मधल्या टप्प्यावर नजरेआड जातो. तो शोधून विद्यार्थ्यासमोर ठेवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे. घटकांची विभागणी, योग्य वेळी घेतलेली नोंद, मिश्र सराव, मोजके प्रत्याभरण आणि एक पायरी पुढे असलेल्या सोबत्यांचा सहवास ही त्याची साधने होत.

हे विवेचन केवळ मैदानापुरते मर्यादित नाही. प्रयोगशाळेत हात बसत नसलेला, भाषेच्या तासाला उच्चार साधत नसलेला किंवा तबल्यावर बोल उमटत नसलेला विद्यार्थी अशाच पठारावर उभा असण्याचा संभव आहे. दिवाळीनंतर हजेरीपटावरील नाव खोडण्यापूर्वी प्रत्येक अध्यापकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : या विद्यार्थ्याने सराव सोडला, की त्याची प्रगती त्याला दाखवायची राहून गेली?